नाताळाला बीच, सोमवारपासून आंबेतोड!

डिसेंबर उजाडला की इन्स्टावर एक रील हमखास फिरतं. टळटळीत ऊन, निळाशार समुद्र, डोक्यावर सांताची लाल टोपी आणि अंगात बनियन. ठिकाण ऑस्ट्रेलिया. आपल्याकडे कपाटातून स्वेटर निघतात तेव्हा तिकडे भर उन्हाळा असतो. रीलमधली पोरं नुसती फिरायला आलेली नसतात. चार दिवस कॅफेत कपबशा धुवायच्या, मग आठवडाभर भटकायचं, पैसे संपले की पुन्हा काम. यात दिसणारे चेहरे आजवर ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, जपानचे असायचे. आता तुमचाही नंबर लागू शकतो. म्हणून रील बाजूला ठेवून जरा हिशोब मांडू या.

ऑस्ट्रेलियाने ही 'वर्किंग हॉलिडे'ची सोय १९७५ साली ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडाच्या तरुणांसाठी सुरू केली. हळूहळू देश वाढत गेले. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारावर एप्रिल २०२२ मध्ये सह्या झाल्या, त्यात आपल्यासाठीही वर्षाला १,००० जागा ठरल्या. प्रत्यक्ष नोंदणी उघडली ती १ ऑक्टोबर २०२४ ला. पहिल्या दोनच आठवड्यांत सुमारे ४०,००० जणांनी नावं टाकली, असं तिथल्या मंत्र्यांनीच सांगितलं. म्हणजे एका जागेमागे किमान चाळीस जण. थोडक्यात, ही म्हाडाची लॉटरी आहे. फक्त घर बारा महिन्यांपुरतं मिळतं!

अटी कागदावर सोप्या वाटतात. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण पूर्ण, कामापुरतं इंग्रजी, पासपोर्ट, पॅन कार्ड. नोंदणीला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. नाव निघालं तर २८ दिवसांत व्हिसाचा अर्ज, त्याची फी वेगळी. आणि खात्यात ५,००० डॉलर दाखवायचे, म्हणजे साधारण तीन लाख रुपये, वर विमानाचं तिकीट. इथेच वर्गातले निम्मे हात खाली जातात. सोडत कॉम्प्युटर काढतो, त्यामुळे 'तुमचं नाव नक्की काढून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर सरळ काढता पाय घ्या. तुमची शक्यता वाढवणं त्याच्या हातात नसतंच.

आता खरी गंमत. हा व्हिसा तिकडच्या सरकारला इतका प्रिय का आहे? संस्कृतीची देवाणघेवाण वगैरे ठीक, पण फळं झाडावरून उतरवायला तिथे माणसं मिळत नाहीत. म्हणून व्हिसातच एक आमिष आहे. पहिल्या वर्षी शहराबाहेर, सरकारने ठरवून दिलेल्या भागात तीन महिने शेती, मासेमारी, बांधकाम असं ठरावीक काम केलंत तर दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मागता येतो. दुसऱ्या वर्षी असंच सहा महिने केलंत, तर तिसऱ्याचा. ब्रिटिश पोरांना जुलै २०२४ पासून ही अट माफ आहे. शेवटी व्यापार करार कोण किती ताणून करतं, यावर कुणी शेतात जायचं ते ठरतं.

नाताळाच्या आसपास न्यू साउथ वेल्समधल्या यंग गावाकडे चेरीची तोडणी असते. उत्तरेला डार्विन, कॅथरिन, मग क्वीन्सलंडमधलं बोवेन, असा आंब्याचा हंगाम सरकत येतो. हो, आंबाच. सकाळी लवकर सुरुवात, चाळिशीला टेकलेला पारा, आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण देठातला चीक अंगावर उडाला की कातडी भाजल्यासारखी होते. रत्नागिरी-देवगडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय उत्तरेचा डिसेंबर म्हणजे पावसाळा. पाऊस आला की काम बंद, काम बंद की पगार बंद. आणि रीलमधला तो समुद्र? उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचा मोसम असतो. जाळी लावलेल्या भागातच पोहायचं, नाहीतर अंगभर सूट चढवायचा.

पैसे मात्र चांगले आहेत, हे मान्य करायलाच हवं. जुलै २०२५ पासून किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर. कॅज्युअल कामगाराला त्यावर २५ टक्के जादा, म्हणजे ३१ डॉलरच्या वर. हॉटेलात नाताळच्या दिवशी काम केलंत तर कॅज्युअलला मूळ दराच्या अडीचपट. सगळे सुट्टीवर असताना ट्रे उचलणाऱ्याची ही खरी दिवाळी! पण कापाकापीही बघा. या व्हिसावर साधारणपणे पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर लागतो. मालकाने तुमच्या नावे भरलेला निवृत्तिनिधी देश सोडताना काढता येतो, पण त्यातले ६५ टक्के सरकार ठेवून घेतं. आणि एका मालकाकडे साधारण सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, त्यामुळे तुमच्या डिग्रीशी संबंधित पक्की नोकरी देताना कंपन्या दहादा विचार करतात.

शिवाय किमान वेतन हे कागदावरचं. तिथल्या फेअर वर्क ओम्बड्समन या सरकारी यंत्रणेने २०१६ साली अशा व्हिसावरच्या ४,००० हून जास्त जणांना विचारलं, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक जणांनी किमान वेतनापेक्षा कमी मिळाल्याचं सांगितलं. काहींना तर खेड्यातलं काम मिळवायला आधी पैसे मोजावे लागले होते. कारण उघड आहे. पुढचा व्हिसा मिळणार तो मालकाच्या सही-शिक्क्यावर, मग त्याच्याशी भांडणार कोण? नगावर पैसे देताना तासाचं किमान वेतन सुटता कामा नये, हा नियम फळबागांना लागू झाला तो एप्रिल २०२२ मध्ये. इतक्या उशिरा. राहायच्या जागांचा इतिहासही बरा नाही. चिल्डर्स गावात जून २००० मध्ये बॅकपॅकर हॉस्टेलला आग लागली, त्यात १५ जण गेले. शेतकामासाठी आलेल्यांचं गाव होतं ते.

मग जायचं की नाही? माझं मत विचाराल तर, घरच्यांवर कर्ज न करता पैसे उभे राहत असतील, तर नाव जरूर टाका. 'ऑस्ट्रेलियात सेटल' व्हायचा रस्ता म्हणून मात्र नको. हा व्हिसा त्यासाठी बनलेलाच नाही. गेलात तर प्रत्येक पगाराची पावती जपा, कामाचे तास वहीत रोजच्या रोज लिहा आणि पासपोर्ट मालकाच्या ताब्यात देऊ नका. ओम्बड्समनकडे तक्रार तुम्हालाही करता येते, व्हिसा तात्पुरता असला तरी.

आणि घरी 'इंजिनीअर होऊन आंबे तोडायला जाणार?' असं कुणी म्हणालंच, तर एक बघा. कोकणात हापूसच्या बागांची राखण आणि तोडणी आज कितीतरी ठिकाणी नेपाळी गडी करतात. हातात झेला, डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या पेट्या, राहायला बागेतली खोपटी. त्यांच्या गावात त्यांच्याबद्दल 'तो भारतात असतो' असंच सांगत असतील. तुमच्या आमच्यातल्या कितीजणांनी त्यांना कधी विचारलंय, रोज किती पडतो म्हणून?