द्वारकेतील यादवी

दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसविलेल्या द्वारका ह्या उपनगरात आमच्या वाचकांपैकी अनेकांची बिऱ्हाडे आहेत. सहकारी गृहरचना संस्थांच्या उंच इमारतींच्या त्या दाटीत, सेक्टर १९ मध्ये, ‘फुटबॉल हाउस’ नावाची एक वास्तू आहे. १९३७ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे ते मुख्य कार्यालय. कचेरीला जाता-येता तिच्यावरून जाणाऱ्या मराठी माणसाला ती आणखी एक सरकारी छापाची इमारत वाटत असल्यास नवल नाही. परंतु गेल्या पंधरा वर्षांत भारतीय फुटबॉलची जी दशा झाली तिचे दप्तर ह्याच वास्तूत आहे. आपसांतील कलहाने कुळाचा नाश करून घेणे ह्याला मराठीत ‘यादवी’ म्हणतात, आणि तो शब्द कोणत्या नगरीच्या लोकांनी आपल्याला दिला हे वाचकांस सांगावयास नको. त्या द्वारकेत लव्हाळ्याची मुसळे झाली. ह्या द्वारकेत एका करारपत्राची झाली.

९ डिसेंबर २०१० रोजी महासंघाने रिलायन्स आणि आय.एम.जी. ह्या कंपन्यांशी एक करार केला. मुदत पंधरा वर्षांची, रक्कम ७०० कोटी रुपये. जाहिराती, प्रायोजकत्व, प्रक्षेपण आणि मालविक्री ह्यांचे हक्क त्यात होते. एवढेच असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. खेळाला पैसा लागतो, आणि पैसा देणाराला त्याचा मोबदला हवा असतो. ह्यात पाप काहीच नाही. पण त्या करारात नवी राष्ट्रीय लीग निर्माण करण्याचा हक्कही होता, आणि आमचे सारे भांडण ह्या एका कलमाशी आहे.

सरकारी कामाची ज्यांना सवय आहे त्यांना हा भेद चटकन कळेल. नदीपात्रातील वाळूचा लिलाव होतो. बोली लागते, ठेका दिला जातो, तिजोरीत रक्कम जमा होते. परंतु सातबाऱ्यावर फेरफार नोंदविण्याचा अधिकार कोणी तहसीलदार लिलावात काढीत नाही. तो अधिकार त्याच्या मालकीचा नसतोच. तो त्याच्याकडे विश्वासाने सोपविलेला असतो. कोणता संघ वरच्या वर्गात खेळेल, कोणता खालच्या, कोण जिंकून वर चढेल आणि कोण हरून खाली उतरेल, हे ठरविणे म्हणजे फुटबॉलचा फेरफार होय. महासंघाने वाळूबरोबर तोही ठेक्याने दिला.

किंमत तरी काय आली? ७०० कोटी भागिले पंधरा, म्हणजे वर्षाला सत्तेचाळीस कोटींहूनही कमी. क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगचे २०२३ ते २०२७ ह्या पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. ४१० सामन्यांवर विभागले तर दर सामन्यामागे सुमारे ११८ कोटी पडतात. म्हणजे देशातील फुटबॉलच्या पंधरा वर्षांच्या बदल्यात महासंघाने जे मागितले, ते क्रिकेटच्या अशा सहा सामन्यांच्या प्रक्षेपणमूल्याइतके होते. २०१० साली हे आकडे कोणापुढे नव्हते हे खरे. परंतु पंधरा वर्षांच्या मुदतीचा करार करणाराने पाच वर्षांपुढचे तरी पाहावे, अशी अपेक्षा करणे अन्याय्य नसावे.

१२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर इंडियन सुपर लीगचा पहिला सामना झाला. आठ संघ. बहुतेक नव्याने घडविलेले. ज्याच्याजवळ प्रवेशशुल्क त्याला जागा. जो शेवटचा आला तोही पुढच्या वर्षी तिथेच. खाली उतरण्याची जिथे भीती नाही अशा स्पर्धेला आम्ही स्पर्धा म्हणावे की मेळा, हे आम्हांस अजून कळलेले नाही. दुसऱ्या बाजूस आय-लीग नावाची जुनी राष्ट्रीय लीग होती. १९९६ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल फुटबॉल लीगचे २००७ पासूनचे ते रूप. तीत डेम्पो होता, साळगावकर होता, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल होते. दोन लीगा काही वर्षे शेजारी शेजारी चालल्या. २०१६ मध्ये महासंघाने नव्या लीगला शिखरावर बसविण्याचा आराखडा मांडला, आणि त्याच वर्षी डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे गोव्याचे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. जी लीग उद्या दुय्यम ठरणार तिच्यावर आज खर्च का करावा, हा त्यांचा प्रश्न होता. तो अवास्तव होता असे कोणास म्हणता येईल? डेम्पोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. पाच वेळा जिंकून ज्या दारातून आत जाता येत नाही, ते दार धनादेशाने उघडत होते.

गोव्याचा पक्ष घेताना एक गोष्ट आम्ही लपवणार नाही. ते संघ खाणमालकांच्या दातृत्वावर जगत होते. २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या तेव्हाच त्यांच्या पायांखालची माती सरकू लागली होती. मुंबईचा महिंद्र युनायटेड संघ २०१० मध्ये बंद झाला, फगवाड्याचा जे.सी.टी. २०११ मध्ये, ह्यांपैकी कोणालाही सुपर लीगने मारले नाही. जुनी व्यवस्था रोगट होती. परंतु रोग्याला औषध देणे निराळे आणि त्याच्या खाटेवर दुसऱ्यास निजवून त्यालाच बाहेर काढणे निराळे. पुणे एफ.सी. २०१५ मध्ये संपला. डी.एस.के. शिवाजीयन्स आणि मुंबई एफ.सी. २०१७ मध्ये गेले. महाराष्ट्राचे राष्ट्रीय पातळीवरील फुटबॉल तीन वर्षांत जवळजवळ निकालात निघाले, आणि ह्याबद्दल महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी जितके रकाने खर्च केले त्याहून अधिक रकाने एखाद्या क्रिकेटपटूच्या लग्नावर खर्च झाले असतील.

पुण्यात सुपर लीगचाही एक संघ होता. २०१९ मध्ये तो विसर्जित झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. तो हैदराबादचा संघ २०२५ मध्ये उठून दिल्लीस आला. त्याआधी दिल्लीचा जो संघ होता तो २०१९ मध्येच भुवनेश्वरला रवाना झाला होता. हे वाचून आमच्या वाचकांना आपल्याच सेवापुस्तकाची आठवण होईल. पण आपली बदली झाली तर प्रवासभत्ता मिळतो, सामानाचे भाडे मिळते, मुलांना शाळेत प्रवेश मिळवून देण्यास कोणी ओळखीचा निघतो. संघाची बदली झाली तर मागे राहिलेल्या प्रेक्षकाने काय करावे? त्याने भुवनेश्वरवर प्रेम करावयास शिकावे काय?

हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. अमेरिकेत विद्यापीठांच्या त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलमध्ये हेच घडले, आणि तिथे तर पैशाला तोटा नव्हता. पॅसिफिक किनाऱ्यावरील विद्यापीठांचे १९१५ साली स्थापन झालेले मंडळ २०२४ पर्यंत मोडकळीस आले. बारांपैकी दहा विद्यापीठे निघून गेली. जिथे दूरचित्रवाणीचा करार मोठा तिथे ती गेली. पॅसिफिकच्या काठचे स्टॅनफर्ड आज अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या मंडळात खेळते. रत्नागिरीच्या संघाने कोरोमंडल लीगमध्ये नाव घालावे, तसे हे आहे. युरोपात मात्र निराळे झाले. एप्रिल २०२१ मध्ये बारा धनाढ्य क्लबांनी आपापली बंदिस्त सुपर लीग घोषित केली, तेव्हा इंग्लंडमधील प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांत तो डाव उधळला. फरक पैशाचा नव्हे. आपला संघ हा आपला आहे, ह्या भावनेचा होता. आपल्याकडे ती भावना कोलकात्यात दिसली. १८८९ साली जन्मलेल्या मोहन बागानच्या नावामागे २०२० मध्ये नव्या भागीदाराची अक्षरे चिकटविली गेली. समर्थकांनी तीन वर्षे ओरड केली, आणि २०२३ मध्ये ती अक्षरे गेली. तिथेही एक प्रायोजकी बिरुद गेले आणि दुसरे आले, ही गोष्ट वेगळी.

सुपर लीगचे समर्थक म्हणतील की तिने प्रकाशझोतांची मैदाने दिली, परदेशी प्रशिक्षक आणले, खेळाडूंना पोटभर वेतन मिळू लागले. हे सर्व खरे आहे, आणि खेळाडूच्या घरी दोन पैसे अधिक गेले ह्याचा आम्हांस आनंदच आहे. पण ह्या वैभवाचा पाया कशावर होता ते २०२५ मध्ये दिसून आले. करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होता. पुढचे काही ठरलेले नसल्यामुळे लीग चालविणाऱ्या कंपनीने जुलैमध्येच हंगाम स्थगित ठेवला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबविले. महासंघाने हक्कांसाठी निविदा मागविल्या, आणि नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा पेटीत एकही निविदा नव्हती. एकही नाही! ज्या दूरचित्रवाणीसाठी डेम्पोला बाजूस सारले तिला आता हा माल नको होता. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांना लीग १४ फेब्रुवारीपासून सुरू होईल असे जाहीर करावे लागले. राष्ट्रीय संघ २०१७ साली जागतिक क्रमवारीत ९६ वा होता. २०२५ मध्ये तो १३० च्याही पलीकडे घसरला. ह्या घसरणीचे सारे खापर लीगवर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल; परंतु लीगमुळे राष्ट्रीय संघ वर येईल, हे वचन मात्र लीगवाल्यांनीच दिले होते.

आता कोल्हापूरकडे पाहावे. तिथल्या पेठांतील तालमी आणि तरुण मंडळे, म्हणजे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी पेठेचे शिवाजी तरुण मंडळ, पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळत आली आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या लीगला शाहू स्टेडियम भरते. तिथे कोणाला दूरचित्रवाणीने बोलावलेले नसते. हुल्लडबाजी होते, मारामाऱ्या होतात, स्पर्धा थांबविण्याची पाळीही आलेली आहे. आम्ही त्या रागलोभाचे गोडवे गात नाही. परंतु तिथे शिवाजी पेठेचा संघ उद्या सांगलीला हलविण्याची कल्पना कोणी मांडली तर त्याला पेठेतून घरी जाणे कठीण होईल. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो ह्याच मातीतला. प्रश्न असा की ह्या पेठेतील एखाद्या मंडळाने जिंकत जिंकत वर जायचे ठरविले, तर गेल्या दहा वर्षांत त्याला शिडी कुठे होती? वरची पायरी २०२३ पर्यंत कापलेलीच होती. पंजाबचा संघ त्या वर्षी विजयाच्या बळावर सुपर लीगमध्ये गेला, पुढच्या वर्षी मोहमेडन स्पोर्टिंग गेला; पण खाली कोणी उतरले नाही. चढण्याचा जिना बांधला आणि उतरण्याचा विसरले, अशी ही वास्तुरचना.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या नव्या घटनेस मान्यता दिली. देशातील सर्वांत वरची लीग महासंघाच्या मालकीची व व्यवस्थेखालची असावी आणि तीत चढ-उतार असावी, असे ती घटना सांगते. न्यायालयाला हे सांगावे लागले ह्याची द्वारकेतील मंडळींना लाज वाटावयास हवी होती. ते असो. पुढचा करार कोणाशीही होवो, त्यात दोन गोष्टी विक्रीबाहेर ठेवल्या पाहिजेत : वर चढण्याचा नियम आणि खाली उतरण्याचा नियम. पैसा थोडा कमी येईल. येऊ द्यावा. आणि सह्या होण्यापूर्वी त्या कराराचा मसुदा लोकांपुढे ठेवावा, कारण २०१० चा करार खेळाडूंना आणि क्लबांना कळला तेव्हा शाई वाळून गेलेली होती. आमच्या वाचकांत मसुदे वाचण्यात आयुष्य घालविलेली माणसे थोडी नाहीत. आक्षेप कुठे नोंदवावा आणि कोणत्या शब्दांत, हे त्यांना शिकवावे लागत नाही. आणि फुटबॉल हाउसची आवक-जावक शाखा त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरापासून दूर नाही. डेम्पोचा संघ २०२४ मध्ये खालच्या पायरीवरून जिंकत आय-लीगमध्ये परत आला आहे.