ट्रंकेतली पत्रे रद्दीत घालू नका

चळवळीच्या माणसाने कादंबऱ्या वाचण्यात वेळ घालवावा का, असे आमच्यातलेच काहीजण विचारतात. आमचे उत्तर सरळ आहे. जरूर वाचाव्यात, आणि आवडली तर आवडली असे मोकळेपणाने सांगावे. ग्रंथांसाठी राजगृह बांधणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना वाचनाच्या आनंदाची लाज कशाला?

मराठीत ऐतिहासिक कादंबरी म्हटली की दरबार, तलवारी आणि पेशवाईचा थाट! म्हणूनच मेरी ॲन शॅफर आणि ॲनी बॅरोज यांची २००८ सालची 'द गर्न्सी लिटररी अँड पोटॅटो पील पाय सोसायटी' आम्हाला भावली. सगळी कथा १९४६ सालच्या पत्रांतून उलगडते. गर्न्सी हे बेट १९४० ते १९४५ जर्मनांच्या ताब्यात होते. तिथली साधी माणसे लंडनच्या एका लेखिकेला त्या वर्षांची हकिगत कळवतात. संचारबंदीत पकडले गेल्यावर 'आम्ही वाचक मंडळातून येतोय' अशी थाप मारतात आणि ती निभावण्यासाठी खरोखरच पुस्तके वाचू लागतात! आपण हसतो. पण त्याच मंडळातली एलिझाबेथ नाझींच्या एका वेठबिगाराला लपवते आणि त्यापायी छळछावणीत प्राण गमावते, तेव्हा हसू मावळते.

प्रत्यक्ष इतिहास याहून कडू आहे. युद्धकाळात बेटावरच्या लोकांना रेडक्रॉसमार्फत जेमतेम २५ शब्दांचा निरोप धाडता येई. १९४२ साली गर्न्सीतून तीन ज्यू स्त्रियांना नेण्यात आले. पुढे ऑशविट्झमध्ये त्या मारल्या गेल्या. ज्यूंच्या नोंदी करणारे हात बेटावरच्याच अधिकाऱ्यांचे होते. जन्मावरून माणूस वेगळा काढायचा, ही रीत आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. ते पत्र कोणीतरी जपले, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. मग १९१७ सालच्या १११ महार पलटणीतल्या शिपायांची पत्रे कुठे आहेत? १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या जवानांनी घरी काय लिहिले?

आजोबांच्या ट्रंकेत एखादे पोस्टकार्ड पडले असेल, तर ते रद्दीवाल्याला देऊ नका. त्यावरची तारीख आणि गाव वहीत उतरवा, म्हाताऱ्या माणसांना विचारून नावे लिहून घ्या. आणि आमच्या तरुण लेखकांनी त्या कागदांवरून कादंबरी लिहावी. प्रस्थापित ती लिहिणार नाहीत.