मामूंचं कटर कुणाला द्यायला हवं होतं?

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामूंचं मिरजेच्या बाजारातलं फ्रेमचं दुकान बंद झालं. चाळीस वर्षं चाललेलं दुकान. मामूंच्या हाताला कंप सुटला होता, काच कापताना हिरकणी रेषेवरून घसरायला लागली होती. एकुलता मुलगा, माझा मामेभाऊ, पुण्यात नोकरीला. गाळा मालकाला परत दिला, उरलेल्या पट्ट्या, काचा, माउंटबोर्ड इतर दुकानदारांनी पडत्या भावात नेले. मागे राहिलं ते पायाने चालवायचं कटर.

ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बिडाचं उभं यंत्र. खालचा दांडा पायाने दाबला की दोन तिरकी पाती एकदम खाली येतात, पट्टीतून एक त्रिकोणी तुकडा पडतो आणि दोन्ही बाजू ४५ अंशांत कापल्या जातात. डेन्मार्कचं मोर्सो हे या जातीचं जगभर नावाजलेलं यंत्र. मामूंचं त्याच धर्तीचं, पण देशी बनावटीचं होतं. बीएड करताना सुट्ट्यांत मी या यंत्रावर काम केलंय आणि एका वर्षाच्या फीचा निम्मा भाग त्यातून भरलाय. मामू पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "कोना मिल्या तो फ्रेम, नै तो चार लकड्यां."

कटरला तीन गिऱ्हाइकं आली. भंगारवाला सहा हजार द्यायला तयार होता. मामूंकडे अकरा वर्षं काम केलेला शागीर्द पंधरा हजार देतो म्हणाला. पाच हजार रोख, बाकीचे दरमहा हजार. तिसऱ्या होत्या बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई. त्या जलरंगात चित्रं काढतात आणि आपल्या चित्रांच्या फ्रेमा आपणच कराव्यात अशी त्यांची हौस. त्यांनी बावीस हजार रोख देऊ केले. मामेभावाचा फोन आला, "भाईजान, तुम्ही म्हणाल तसं करू." मामूंची औषधं सुरू होती. मी म्हणालो, बावीस हजार घे.

आठवडाभरात बाजारातल्या एका जुन्या फ्रेमवाल्याने मला रस्त्यात थांबवलं. "सर, तुम्ही शिकलेली माणसं. शौकाला मशीन दिलंत? आता त्या बाई घरात बसून फ्रेमा करणार. ना गाळ्याचं भाडं, ना गुमास्ता लायसन, ना कमर्शियल लाइट बिल. आमच्या पोटावर पाय दिलात की!" मी तेव्हा सहज बोलून गेलो, "एका बाईंच्या छंदाने बाजार बुडत नाही हो चाचा." ते काही बोलले नाहीत. पण ते वाक्य तेव्हापासून माझ्याच डोक्यात फिरतंय. ते खरं होतं का?

आधी चाचांच्या बाजूने पाहू. हौशी माणूस फक्त मालाची किंमत धरतो. आज स्वतःच्या चित्राची फ्रेम, उद्या बहिणीच्या घरातल्या फोटोची, परवा चित्रकलेच्या क्लासमधल्या मुलांची. "मालाचे तेवढे द्या," असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात एक दर बसतो. तोच माणूस दुकानात जातो आणि विचारतो, "बाई तीनशेत करून देतात, तुम्ही सहाशे कसे घेता?" दुकानदाराच्या सहाशेत भाडं आहे, पोराचा पगार आहे, फुटलेली काच आहे आणि गिऱ्हाइकाने न नेलेल्या फ्रेमा आहेत. हे नुकसान खोटं नाही. ते एका फ्रेमचं नसतं, दराचं असतं.

पण फ्रेमवाल्याचं पोट नेमकं कशावर चालतं, हेही पाहायला हवं. एक साधं गणित सांगतो, मी ते वर्गात मुलांनाही घालतो. १२ बाय १८ इंचांच्या चित्राला एक इंच रुंद पट्टी लावायची. चारही बाजूंची बेरीज ६० इंच. पण कोन तिरके कापायचे म्हणजे पट्टीच्या रुंदीच्या आठपट जादा धरावं लागतं. म्हणजे ६८ इंच. पट्टी दहा फुटी, म्हणजे १२० इंचांची. उरले ५२. हौशी माणूस हा तुकडा कोपऱ्यात उभा करून ठेवतो. मामू त्याच पट्टीतून ८ बाय १२ची फ्रेम काढायचे, कारण तिला ४८ इंच लागतात. कुठली ऑर्डर कुठल्या पट्टीतून काढायची हे ते सकाळी चहा पिताना तोंडी ठरवायचे. धंदा तिथे होता, कटरच्या पात्यात नव्हता. यंत्र बावीस हजारांत मिळतं, हा हिशोब त्यासोबत मिळत नाही.

काचेचंही तसंच. काच चित्राला चिकटू द्यायची नाही, मध्ये माउंटचं अंतर हवं. नाहीतर मिरजेच्या पावसाळ्यात ओल धरते आणि चित्रावर बुरशीचे ठिपके येतात. मागचा हार्डबोर्ड कडेने चिकटपट्टीने बंद करायचा, नाहीतर बारीक किडे आत शिरतात. मोठ्या फ्रेमला काचेचं वजन पेलेल असा सांधा हवा.

मग धंदा बसला कशाने? तसबिरी मढवणं हा घराघरात लागणारा धंदा झाला तोच छपाईमुळे. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून निघालेली देवदेवतांची रंगीत चित्रं सामान्य माणसाच्या भिंतीवर आली आणि प्रत्येक चित्राला काच-पट्टी लागली. मामूंच्या दुकानात गणपती, दत्त, शिवाजी महाराज, काबा, मदिना, आयतुल कुर्सीचे तुघरे, अब्दुल करीम खाँसाहेबांचे फोटो, दहावी-बारावीचे सत्कार सगळे एकाच भिंतीला टेकून उभे असायचे. आता फोटो मोबाइलमध्ये राहतात. छापलेच तर कॅनव्हासवर छापून काचेविना लावतात. ठरावीक मापाची तयार फ्रेम ऑनलाइन मागवली की दारात येते. सिंथेटिक पट्टी आल्यावर लाकूड घासून पॉलिश करण्याचं कामच गेलं. या सगळ्यासमोर एका बाईंच्या खोलीतलं एक कटर म्हणजे काय?

मी त्या बाईंकडे मुद्दाम जाऊन आलो. कटर स्वच्छ होतं, पात्यांना तेल लावलेलं. मामूंकडेही ते इतकं चकचकीत कधी नव्हतं. त्या हसत म्हणाल्या, "सर, पहिल्या चार महिन्यांत जेवढ्या पट्ट्या वाया घालवल्या, तेवढ्यात दुकानातून सगळ्या चित्रांच्या फ्रेमा झाल्या असत्या." काच कापायला त्यांचा हात अजून बसलेला नाही, म्हणून मोठ्या फ्रेमा त्या बाजारातच देतात आणि कुरकुर न करता सांगतील ते पैसे देतात. "आता कळतं ना यात किती काम आहे," म्हणाल्या. एक गोष्ट त्यांच्याकडून मीही शिकलो. त्या आम्लमुक्त माउंटबोर्ड वापरतात, कारण साध्या बोर्डाने कागद काही वर्षांत पिवळा पडतो. आमच्या आजोबांच्या हजच्या वेळचा कागद मामूंनी साध्या हार्डबोर्डला फेविकॉलने चिकटवून मढवला होता. आज तो तपकिरी झालाय आणि सुटूनही निघत नाही. व्यावसायिकाला सगळं येतं आणि हौशी माणूस काम बिघडवतोच, असं नसतं.

आणखी एक बाजू आहे, जी चाचांनी विचारात घेतली नाही. मामूंना ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी, ना पेन्शन. स्वतःचा धंदा करणाऱ्याची म्हातारपणाची ठेव म्हणजे त्याची अवजारं. सच्चर समितीने २००६मध्येच लिहून ठेवलंय की मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण जास्त आहे आणि बँकेचं कर्ज मात्र त्यांच्यापर्यंत कमी पोहोचतं. अशा माणसाला "तुझं यंत्र फक्त धंदेवाल्यालाच विक" असं सांगणं म्हणजे बाजारात एक-दोनच गिऱ्हाइकं ठेवणं, आणि तीही गरज ओळखून भाव पाडणारी. हौशी गिऱ्हाईक नसतं तर मामूंच्या कटरचा भाव भंगाराच्या काट्यावर ठरला असता.

म्हणून हौशी माणसाला अवजार विकल्याने धंदा मरतो, हे मला पटत नाही. तरीही मी चुकलो. चाचा ज्या कारणाने रागावले त्या कारणाने नाही, दुसऱ्याच.

तो शागीर्द आज ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणाऱ्याकडे रोजंदारीवर आहे. गेल्या रमजानमध्ये मशिदीबाहेर भेटला. मी कटरचा विषय काढला तसा म्हणाला, "जाऊ द्या सर, मामूंना पैशाची गरज होती." तक्रार केली नाही, म्हणून जास्त लागलं. काच कशी कापायची, उरलेल्या पट्टीतून दुसरी फ्रेम कशी काढायची, हे सगळं त्याच्या हातात होतं. त्याच्याकडे नव्हतं ते फक्त यंत्र आणि एकरकमी पैसे. नवं कटर त्याच्या आवाक्याबाहेर. धंद्याला बाईंनी नाही, आम्ही एक माणूस कमी केला.

आपल्याकडे जमीन-घराच्या विक्रीत शुफा नावाचा हक्क आहे. मालमत्ता विकायची तर भागीदाराला, हनफी मतानुसार शेजाऱ्यालाही, ती घेण्याचा पहिला हक्क. अवजारांना हा कायदा लागत नाही, हे मला माहीत आहे. पण त्यामागचा विचार लागू करायला काय हरकत आहे? ज्याने अकरा वर्षं त्या यंत्रावर पाय ठेवला, त्याला पहिली विचारणा व्हायला हवी होती. आणि ती नुसती विचारणा नव्हे. त्याच्याकडे दहा हजार कमी होते. मी पगारदार शिक्षक. ते दहा हजार कर्ज-ए-हसना म्हणून मी देऊ शकलो असतो, मामूंनाही रोख पैसे मिळाले असते. सात हजारांचा फरक राहिला असता, तोही आम्ही भावंडांनी वाटून घेतला असता. हे सुचायला मला दोन वर्षं लागली.

सरकारकडे बोट दाखवणं सोपं आहे. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने पहिलं एक लाखाचं कर्ज आहे. त्यातल्या १८ व्यवसायांत सुतार आहे, कुलूप करणारा आहे, हार गुंफणारा आहे. तसबिरी मढवणारा नाही. तो असायला हवा. पण यादी बदलेपर्यंत आपण काय करणार?

आमच्याच मिरजेत तलवारींना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे करायला लागली. २०२४मध्ये त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. अवजारं बदलली, काम बदललं, पण घरातलं हुनर पुढच्या हातात जात राहिलं म्हणून हे झालं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. दुकान बंद होत असेल तर अवजार आधी त्याला विचारा ज्याचं घर त्यावर चालेल, आणि त्याला कमी पडणारी रक्कम कुटुंबाने, मोहल्ल्याने, जमातीने बिनव्याजी उभी करावी. असा कुणी नसेल तर हौशी माणसाला खुशाल विका, पूर्ण भाव घ्या, मनात खंत ठेवू नका. हौशी मंडळींनी दुसऱ्याचं काम केलं तर मजुरीही लावावी. फुकटची मेहनत दुसऱ्याच्या मेहनतीचा भाव पाडते. आणि दुकानदारांनी बिलात मजुरी वेगळी लिहावी, म्हणजे गिऱ्हाइकाला कळेल की तो कशाचे पैसे देतोय.

चाचांना मी हे सगळं जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, माझं दुकान बंद होईल तेव्हा कटर त्या पोराला देतो. दहा हजार तयार ठेवाल का?"

मी हो म्हणालोय. इथे लिहून ठेवतोय, म्हणजे मागे फिरता येणार नाही.