कारण : माहीत नाही



दोन महिन्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी स्थानकात जायला खाली उतरले, तर आमच्या गाडीचं नाक मोडलेलं. पुढचा बंपर डाव्या बाजूने सुटून लोंबत होता. जाळीला तडा गेला होता आणि हेडलाइट धरून ठेवणारा प्लास्टिकचा कान तुटला होता. आदल्या रात्री ह्यांनीच गाडी आणून लावली होती. "तेव्हा सगळं ठीक होतं," असं ते म्हणाले.

घरात "माहीत नाही" या उत्तराने कोणाचंच समाधान होत नाही. चहाला उकळी येईपर्यंत आमच्याकडे आरोपी तयार होता. पहाटे गाडी पुसायला एक मुलगा येतो, महिन्याला सहाशे रुपये घेतो. आतून पुसायची असली की किल्ली आम्हीच त्याच्या हातात देतो. "चालवून बघितली असणार," माझा मुलगा म्हणाला. शेजारच्या वहिनींनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या बिल्डिंगमध्ये पसरली आणि दोन घरांनी त्याला काम बंद करायला सांगितलं.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काकू, मी आलो तेव्हा असंच होतं."

"मग बेल वाजवून सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर माझ्यावरच आलं असतं."

मी गप्प बसले. खरं सांगते, माझाही संशय त्याच्यावरच होता.

मोठ्या वर्कशॉपमध्ये ३४,६०० रुपयांचं एस्टिमेट निघालं. तिथला माणूस म्हणाला, "विम्यात घालू." फॉर्मवर 'अपघात कसा झाला' असा रकाना होता. "लिहा, कुत्रं आडवं आलं, ब्रेक मारला, दुभाजकाला घासली. सगळे असंच लिहितात."

मी बी.कॉम. आहे. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं की प्रत्येक नोंदीखाली तपशील लिहायचा आणि तो खरा असला पाहिजे. त्याच्याही आधी, लहानपणीच, प्रतिक्रमणात शिकले होते की खोटा लेख लिहिणं हा दुसऱ्या व्रताचा अतिचार आहे. कूटलेख हा शब्द किती वेळा म्हटला असेल! पण तो विम्याच्या फॉर्मवर असा समोर येईल असं कधी वाटलं नव्हतं. "घरी विचार करून सांगते," म्हटलं आणि फॉर्म पर्समध्ये घातला.

घरी वही काढली. हा हिशोब तुमच्याही उपयोगाचा आहे. आमच्या पॉलिसीत झिरो डेप नाही, त्यामुळे प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो. आमचे असे भाग २४,००० रुपयांचे होते, म्हणजे १२,००० आमच्याच खिशातून. रंगाच्या सामानावरही निम्मी कपात. शिवाय लहान गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात. एकूण पंधरा हजारांच्या आसपास.

आणि नो क्लेम बोनस? सध्या आम्हाला ३५ टक्के सूट आहे. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ आणि नंतर ५०. क्लेम केला की शून्य, मग पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी पायरी चढायची. फरकाची बेरीज १२० टक्के होते, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी भरतो त्या प्रीमियमच्या जवळजवळ सव्वापट. आमचा तो भाग आठ हजारांचा आहे. गाडी जुनी होईल तसा प्रीमियम थोडा उतरेल, तरी आठ-नऊ हजार गेलेच. मिळतं किती हे सगळे सांगतात, जातं किती हे आपणच मांडायचं.

मग जवळच्या छोट्या गॅरेजवाल्याला गाडी दाखवली. तो खाली वाकला, बंपरखाली हात फिरवला आणि म्हणाला, "ठोकलेली नाही, ओढली गेली आहे. ठोकर लागली असती तर बंपर आत गेला असता. हा खालून अडकून बाहेर खेचला गेलाय. पार्किंगमधल्या सिमेंटच्या ठोकळ्यावर पुढून चढवली आणि मागे घेतली की असं होतं. क्लिपा सुटतात, मग बंपर हळूहळू लोंबतो." बंपर जोडून, क्लिपा आणि हेडलाइटचा कान बसवून, रंगासकट ७,८०० रुपये झाले.

रात्री जेवताना हे स्वतःहून म्हणाले, "रविवारी लग्नाच्या हॉलवर मागे घेताना काहीतरी खरवडल्याचा आवाज आला होता. वाटलं, दगड असेल. तुम्ही सगळे एवढे चिडलेले, म्हणून बोललो नाही."

तेच कारण, असं मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या पोराने आणि माझ्या सत्तरीच्या नवऱ्याने, दोघांनी एकाच भीतीने तोंड बंद ठेवलं, हे मात्र मला झोंबलं. आमच्या घरात 'काय झालं' याआधी 'कोणी केलं' हे विचारलं जातं. तुमच्याकडे वेगळं आहे का, पाहा.

अठरा पापस्थानकांत तेरावं अभ्याख्यान. खोटा आळ घेणं. आपण ते घडाघडा म्हणतो आणि पुढे जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की कारण कळलं नसेल तर तो रकाना तसाच राहू द्या. फॉर्मवर लिहायचंच असेल तर जे दिसलं ते लिहा : सकाळी उभी गाडी अशी आढळली, कारण माहीत नाही. तिथे कुत्रं घालू नका, आणि घरातल्या रकान्यात गरीब माणूस घालू नका. कुत्र्याला काही फरक पडत नाही, माणसाला पडतो.

ह्यांनी डोळे तपासून घेतले. मोतीबिंदू निघाला, तारीख मिळाली आहे.

मी त्या पोराची माफी मागितली, संवत्सरीची वाट पाहिली नाही. काम बंद केलेल्या दोन्ही घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. एका घराने त्याला परत बोलावलं. दुसऱ्यांनी तोवर नवा माणूस ठेवला होता. बंपर ७,८०० रुपयांत जागेवर बसला. त्याचं एक घर गेलं, ते गेलंच.