नियतीचे ओझे कोणाच्या खांद्यावर? : ‘मॅकबेथ’चे सहा चित्रावतार

एखादे अभिजात नाटक रुपेरी पडद्यावर आले की समीक्षकांच्या चर्चेला एकच विषय पुरतो. मूळ संहितेशी दिग्दर्शक किती प्रामाणिक राहिला, कोणते प्रवेश गाळले, कोणते संवाद कापले, याचा हिशेब मांडला जातो आणि त्यावरून रूपांतराचे मोल ठरते. हा हिशेब निरुपयोगी नाही; पण तो दुय्यम आहे. नाटकाचा प्राण त्याच्या शब्दांत असतो, तसाच तो त्याने उभ्या केलेल्या नैतिक प्रश्नातही असतो. तो प्रश्न पडद्यावर जिवंत राहिला की हरवला, हीच रूपांतराची खरी कसोटी मानली पाहिजे. या कसोटीवर पारखून पाहण्यास शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’इतके योग्य उदाहरण क्वचितच सापडेल.

१६०६ च्या सुमारास लिहिली गेलेली ही शोकांतिका शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये सर्वांत आटोपशीर आहे. कथानक सर्वश्रुत आहे. रणांगणावर पराक्रम गाजवून परतणाऱ्या सरदाराला तीन चेटकिणी भेटतात आणि तू राजा होशील असे भाकीत करतात. पत्नीच्या आग्रहाने तो घरी पाहुणा आलेल्या, आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या वृद्ध राजाचा निद्रेत वध करतो. त्यानंतर सिंहासन राखण्यासाठी एकामागून एक हत्या घडत जातात. पत्नीला वेड लागते आणि अखेर स्वतःचाही नाश होतो. वरवर पाहता ही नियतीची कथा वाटते. परंतु चेटकिणी मॅकबेथला ‘राजाला मार’ असे एकदाही सांगत नाहीत. त्या केवळ भविष्य सांगतात. खंजीर उचलण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा असतो. त्याच्यासोबत असलेला बँकोही तेच भाकीत ऐकतो, त्याच्याही वंशाला राज्य मिळणार असते. तरीही तो कोणाचा गळा कापत नाही. भाकीत दोघांसाठी होते, पाप मात्र एकानेच केले. माणसाच्या कृत्याची जबाबदारी नियतीवर ढकलता येते काय, हा या नाटकाचा गाभा आहे. कर्मसिद्धांताच्या संस्कारात वाढलेल्या भारतीय प्रेक्षकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

या नाटकाला चित्रपटाचे रूप देणारा पहिला महत्त्वाचा दिग्दर्शक म्हणजे अमेरिकेचा ऑर्सन वेल्स. १९४८ चा त्याचा ‘मॅकबेथ’ स्वस्तातले घोडेस्वारपट काढणाऱ्या रिपब्लिक पिक्चर्स या कंपनीसाठी अवघ्या २३ दिवसांत चित्रित झाला. कृत्रिम खडकांच्या, ओल्या गुहांसारख्या नेपथ्यामुळे त्याला एक आदिम, भयाण रूप लाभले आहे. पण वेल्सने एक कल्पना अशी योजली की नाटकाचा तोलच ढळला. आरंभीच चेटकिणी चिखलातून मॅकबेथची मूर्ती घडवतात. शेवटी मॅकबेथचे मस्तक उडते तेव्हा त्या मूर्तीचेही मस्तक तुटते. दृश्य म्हणून ही कल्पना परिणामकारक आहे, यात शंका नाही. पण मातीचे बाहुले पाप करीत नसते. ज्याचे हातपाय दुसऱ्याच्या तंत्राने हलतात, त्याच्या पतनाबद्दल फार तर दया वाटेल. शोकांतिका मात्र घडणार नाही.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १९५७ मध्ये, जपानच्या अकिरा कुरोसावाने ‘थ्रोन ऑफ ब्लड’ या नावाने जगाला परिचित झालेला चित्रपट काढला. त्यात शेक्सपिअरची एकही ओळ नाही. स्कॉटलंड नाही, खंजीर नाही, तीन चेटकिणीही नाहीत. त्याऐवजी यादवी युद्धांनी पोखरलेला सोळाव्या शतकातील जपान आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखे गुंतागुंतीचे अरण्य आहे आणि त्यात चरखा फिरवीत बसलेली एक पांढरीफटक आकृती आहे. फुजी पर्वताच्या उतारावर उभारलेला काळाकभिन्न किल्ला आणि सतत दाटणारे धुके यांनी चित्रपट व्यापून टाकला आहे. नोह या जपानच्या प्राचीन नाट्यपरंपरेचा आधार कुरोसावाने घेतला. नायकाच्या पत्नीची, असाजीची, भूमिका करणाऱ्या इसुझू यामादाचा चेहरा नोह नाटकातील मुखवट्यासारखा निश्चल राहतो. ती हळू बोलते, हळू चालते. फक्त तिच्या वस्त्रांची सळसळ ऐकू येते. त्या संथपणाची धास्ती आरडाओरड्याने कधीच निर्माण झाली नसती.

कुरोसावाची खरी प्रतिभा शेवटात दिसते. मूळ नाटकात मॅकबेथ शत्रूच्या तलवारीने मरतो. येथे अरण्य चालून येईपर्यंत आपला पराभव नाही, हे भाकीत तोशिरो मिफुने याने साकारलेला वाशिझू सैन्याचा धीर वाढवण्यासाठी मोठ्या अभिमानाने स्वतःच सैनिकांना सांगतो. धुक्यातून झाडे सरकू लागतात तेव्हा त्याच सैनिकांचा विश्वास उडतो आणि बाणांच्या वर्षावात ते आपल्याच स्वामीला संपवतात. या प्रसंगासाठी कसलेल्या धनुर्धरांनी खरे बाण सोडले होते, ही गोष्ट चित्रपटप्रेमींना ठाऊक आहेच. पण त्याहून महत्त्वाचे हे की वाशिझूला मारते ते त्याने स्वतःच्या तोंडाने पसरवलेले भाकीत. ज्याने धन्याचा विश्वासघात केला, त्याच्या सैन्यानेही निष्ठा कोठून शिकावी? शब्द एकही घेतला नाही, पण आशय पूर्ण घेतला, असे हे रूपांतर आहे.

रोमन पोलान्स्कीचा १९७१ चा चित्रपट याच्या उलट टोकाचा आहे. संवाद बव्हंशी मूळचे, वेशभूषा आणि परिसर मध्ययुगीन. पण दृष्टी पूर्णपणे आधुनिक आणि निराश. पोलान्स्कीच्या पत्नीची १९६९ मध्ये निर्घृण हत्या झाली होती आणि त्या आघाताची छाया या चित्रपटावर पडली असल्याचे अनेकांनी म्हटले आहे. येथे मॅकबेथ आणि त्याची पत्नी प्रौढ नाहीत, देखणे तरुण जोडपे आहे. मूळ नाटकात राजाची हत्या रंगमंचावर होत नाही. रक्ताळलेले हात तेवढे दिसतात. पोलान्स्की ती हत्या प्रत्यक्ष दाखवतो.

येथे भारतीय नाट्यविचाराची आठवण होणे अपरिहार्य आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने वध आणि युद्ध रंगमंचावर दाखवू नये, ते सूचित करावे, असा दंडक घातला. भासाने ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाचा मृत्यू रंगमंचावर आणला तो अपवाद म्हणूनच आजही चर्चिला जातो. या दंडकामागे केवळ सोवळेपणा नाही, मानसशास्त्र आहे. डोळ्यांनी पाहिलेले रक्त क्षणात विटते. मनाने पाहिलेले पुसले जात नाही. शेक्सपिअरलाही हे उमगले होते आणि कुरोसावालाही. वाशिझू हत्या करून परततो तेव्हा त्याच्या हातातला भाला सुटत नाही, आखडलेल्या मुठीतून असाजीला तो ओढून काढावा लागतो. एवढ्यानेच प्रेक्षकाचा थरकाप होतो.

पोलान्स्कीने शेवटही बदलला. मूळ नाटकात योग्य वारस सिंहासनावर येतो आणि विस्कटलेली घडी बसते. चित्रपटात मात्र नव्या राजाचा धाकटा भाऊ एकटाच लंगडत चेटकिणींच्या ठिकाणाकडे निघालेला दिसतो. म्हणजे पापाचे चक्र पुन्हा फिरणार. ही कल्पना धक्कादायक आहे, पण तिची किंमत मोठी आहे. सगळेच हत्यारे असतील तर मॅकबेथचा वेगळा अपराध तो कोणता? अधर्म हाच जगाचा नियम ठरला की अधर्माची टोचणीही संपते.

२०१५ मध्ये जस्टिन कर्झेलने तिसरी वाट चोखाळली. त्याचा चित्रपट मॅकबेथ दांपत्याच्या मृत बालकाच्या अंत्यविधीने सुरू होतो. पुत्रशोक आणि युद्धाचे मानसिक घाव यांतून पुढची सारी हिंसा उगवते, असे सुचवले जाते. आजच्या काळाला हे स्पष्टीकरण फार आवडते. गुन्हेगाराच्या मागे एखादी जखम शोधून काढली की प्रश्न सुटल्यासारखे वाटते. करुणा म्हणून ते योग्यही आहे. मात्र शोक अनेकांच्या वाट्याला येतो आणि त्यांतील बहुतेक जण झोपलेल्या पाहुण्याला मारीत नाहीत. कारण सांगणे वेगळे आणि सुटका करणे वेगळे. कर्झेलच्या चित्रपटात ही सीमारेषा पुसट होते.

जोएल कोएनचा २०२१ चा कृष्णधवल चित्रपट अधिक संयमी आहे. संपूर्णपणे स्टुडिओत चित्रित झालेल्या या चित्रपटात रिकाम्या भिंती, कमानी आणि सावल्या यांखेरीज फारसे काही नाही. डेन्झेल वॉशिंग्टन आणि फ्रान्सिस मॅकडॉर्मंड साठी ओलांडलेले असल्याने त्यांच्या महत्त्वाकांक्षेला ‘आता नाही तर कधीच नाही’ अशी उतारवयाची धार येते. कॅथरिन हंटर एकटीच तिन्ही चेटकिणी साकारते आणि पाण्यातल्या प्रतिबिंबांतून एकाच्या तीन होतात. ते भाकीत बाहेरचे की नायकाच्या मनातले, हा संशय जागता राहतो आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही हलकी होत नाही.

आणि मग आपल्या भूमीवरचा ‘मकबूल’. विशाल भारद्वाज यांचा हा चित्रपट २००३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २००४ च्या जानेवारीत भारतात प्रदर्शित झाला. पुढे ‘ओंकारा’ आणि ‘हैदर’ यांनी ही शेक्सपिअर-त्रयी पूर्ण झाली. मुंबईच्या गुन्हेगारी जगात कथा आणताना भारद्वाजांनी चेटकिणींच्या जागी पंडित आणि पुरोहित हे दोन पोलीस अधिकारी योजले. ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह यांनी रंगवलेले हे दोघे कुंडली मांडतात, भविष्य सांगतात आणि ते खरे ठरावे म्हणून पडद्याआडून सूत्रेही हलवतात. गुंड टोळ्यांचा तोल राखण्याच्या नावाखाली वर्दीने चालवलेला हा खेळ पाहिला की वाटते, आधुनिक भारतात नियती आकाशात नाही, भ्रष्ट व्यवस्थेत वास करते. चालून येणाऱ्या अरण्याची जागा समुद्राने घेतली, हा बदलही मुंबईच्या मातीतून उगवलेला आहे.

परंतु व्यवस्थेकडे बोट दाखवूनही भारद्वाज नायकाला मोकळे सोडत नाहीत. इरफान खानचा मकबूल आणि तब्बूची निम्मी यांना आपण काय केले हे ठाऊक असते. शेवटी रुग्णालयात आपले बाळ न्यायला आलेला मकबूल काचेतून पाहतो, तर ज्यांचे सर्वस्व त्याने हिरावले त्या गुड्डू आणि समीरानेच त्या बाळाला मायेने जवळ घेतलेले असते. त्याचे शस्त्र गळून पडते. बाहेर मृत्यू वाट पाहत असतो आणि त्याची त्याला पर्वा उरत नाही. सूडाची साखळी एका निरागस जिवापाशी येऊन तुटते. पोलान्स्कीने जे चक्र अखंड ठेवले, ते भारद्वाजांनी क्षमेने थांबवले. आणि क्षमा दिसल्यामुळेच अपराध अधिक ठळक झाला.

मराठी रंगभूमीला हा विषय नवा नाही. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी ‘मानाजीराव’ या नावाने मॅकबेथ मराठीत आणला. वि. वा. शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ १९५४ मध्ये आला आणि नानासाहेब फाटक व दुर्गाबाई खोटे यांच्यासारखे दिग्गज त्यात उभे राहिले. परक्या कृतीला आपल्या मातीत रुजवण्याची ही परंपरा न्यूनगंडातून आलेली नव्हती, आत्मविश्वासातून आलेली होती. कुरोसावाने जे केले ते हेच. स्वतःच्या परंपरेत घट्ट पाय रोवून त्याने शेक्सपिअरला हात दिला, म्हणूनच त्याचा चित्रपट जपानी असूनही जगाचा झाला.

आज मराठी चित्रपट नव्या धिटाईने अभिजात साहित्याकडे वळू पाहत आहे. त्या वाटेवरच्या दिग्दर्शकांनी या सहा चित्रावतारांतून एक धडा अवश्य घ्यावा. काळ बदला, देश बदला, भाषा बदला, चेटकिणींचे पोलीस करा. हे सारे स्वातंत्र्य कलावंताचे आहे. मात्र कर्त्याचे कर्म कर्त्याच्याच पदरात ठेवा. ते एकदा चेटकिणीच्या, काळाच्या किंवा दुःखाच्या पदरात टाकले की पडद्यावर रक्त कितीही सांडले तरी ती केवळ दुर्घटना उरते आणि प्रेक्षक घरी जाताना स्वतःला कोणताही प्रश्न विचारीत नाही.