डोक्याचा आलेख आणि यंत्राची ठकठक

"एमआरआयमध्ये एवढी ठकठक होते, मग डोक्याचा आलेख बरोबर कसा येणार?" फुलेनगरमधल्या एका मावशींनी आम्हाला विचारलं. त्यांच्या मुलीला फिट येतात. मावशी शाळेत फारशा गेलेल्या नाहीत, पण प्रश्न नेमका होता.

नाशिकमध्ये आपला ईईजी वेगळ्या खोलीत निघतो, एमआरआय वेगळा. पण फिट मेंदूत कुठून उठते हे शोधायला बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थांत दोन्ही तपासण्या एकाच वेळी झाल्या आहेत. त्यासाठी तारा खास असतात. साध्या तारा आत तापून चटका बसू शकतो. खरा त्रास कानाला ऐकू येणाऱ्या ठकठकीचा नाही. यंत्राचं चुंबकीय क्षेत्र सारखं बदलतं, त्यामुळे तारांत वीज तयार होते आणि ती मेंदूच्या लहरींपेक्षा शेकडो पट मोठी असते. चौदा एप्रिलच्या डीजेपुढे उभं राहून बाळाचा श्वास ऐकायचा, तसं.

२००० साली ॲलन, जोसेफ्स आणि टर्नर यांनी यावर उपाय मांडला. यंत्राचा गोंगाट दरवेळी एकाच साच्याचा असतो. म्हणून त्याची सरासरी काढायची आणि आलेखातून वजा करायची. साच्यात न बसणारी मेंदूची लहर मागे उरते. काळजाच्या ठोक्याचाही गोंगाट येतो. तो हुडकायला ईसीजीची तार लावतात, पण ठोके एकसारखे नसल्याने थोडी घाण राहतेच. आणि रुग्ण हलला तर साचाच बिघडतो.

आमचं म्हणणं इथेच आहे. पेशंटला कुणी नीट समजावत नाही. घाबरलेलं, डोक्याला तेल चोपडलेलं पोर टेबलावर झोपवतात, ते चुळबुळतं आणि आलेख खराब येतो. वॉर्डात आम्हीही घाईत हे केलंय, कबूल करतो. पुढे "रिपोर्ट नॉर्मल" ऐकून घरचे गोळ्या बंद करतात आणि "बाहेरचं आहे" म्हणत भगताकडे जातात. फिट येणाऱ्या सुमारे निम्म्या रुग्णांचा पहिला ईईजी नॉर्मलच निघतो, हे त्यांना सांगायला नको का?

मावशींना आम्ही सांगितलं: आदल्या दिवशी पोरीचं डोकं शाम्पूने धुवा, तेल लावू नका, गोळी चुकवू नका. फिट आली तर मोबाईलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना दाखवा. आलेख खराब आला असेल तर पुन्हा काढायला सांगा, लाजू नका. मंगळवारी आम्ही सोबत जाणार आहोत.