टोकन बुडालं, पण कामगारांचं काय?

रोडपाली-कळंबोलीत फ्लॅटचा सौदा ठरला की आधी टोकन दिलं जातं. घरातली वडीलधारी मंडळी त्याला बयाना म्हणतात. घेणाऱ्याने नंतर पाय मागे घेतला तर टोकन बुडतं, चार दिवस कुरबूर होते आणि विषय संपतो. मोठ्या कंपन्यांचंही असंच होत असेल, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही.

2022 चं ट्विटर प्रकरण आठवा. एप्रिलमध्ये इलॉन मस्क यांनी 44 अब्ज डॉलरला कंपनी घ्यायचा करार केला आणि जुलैमध्ये बनावट खात्यांचं कारण देत माघार घेतली. करारात 1 अब्ज डॉलरच्या भरपाईचं कलम होतं. पण ट्विटरने भरपाईवर समाधान मानलं नाही. कंपनी अमेरिकेतल्या डेलावेअरच्या कोर्टात गेली आणि ठरलेल्या भावातच खरेदी पूर्ण करायला लावा, अशी मागणी केली. कोर्टाने ऑक्टोबरचीच तारीख दिली. सुनावणी उभी राहण्याआधी मस्क वळले, 27 ऑक्टोबरला सौदा पूर्ण झाला. भागधारकांना त्यांचे पैसे मिळाले. कर्मचाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना मात्र पुढच्या काही दिवसांतच नारळ मिळाला, हेही विसरू नये.

आता आपल्या मुंबईची जेट एअरवेज बघा. गल्फला जाणाऱ्या घरांना हे नाव नव्याने सांगायला नको. 17 एप्रिल 2019 च्या रात्री तिचं शेवटचं विमान उतरलं आणि हजारो लोक थकलेल्या पगारासह घरी बसले. जूनमध्ये प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली कंपनी न्यायाधिकरणाकडे गेलं. दुबईचे उद्योजक मुरारीलाल जालान आणि कालरॉक कॅपिटल यांनी मिळून कंपनी घ्यायची योजना दिली, बँकांनी ती पसंत केली आणि जून 2021 मध्ये न्यायाधिकरणाने मंजुरीही दिली.

पहिला हप्ता 350 कोटींचा होता. जालान-कालरॉकने भरले 200 कोटी. उरलेले 150 कोटी आधी दिलेल्या बँक हमीतून वळते करा, असं त्यांचं म्हणणं. आम्ही माघार घेतोय, असं ते कधी म्हणाले नाहीत, उलट बँकाच अडवतायत अशी त्यांची तक्रार होती. बँका म्हणत, अटी आधी पुऱ्या करा. मार्च 2024 मध्ये अपिली न्यायाधिकरणाने जालान-कालरॉकच्या बाजूने निकाल दिला. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 7 नोव्हेंबर 2024 रोजी तिथे तो निकाल रद्द झाला, 200 कोटी जप्त झाले आणि कंपनी मोडीत काढायचा आदेश निघाला.

म्हणजे टोकन बुडालं. पण मधली साडेपाच वर्षं गेली ती कोणाची? धावपट्टीवर उभं राहिलेलं विमान वर्षागणिक भंगार होत जातं, आणि पन्नाशीला आलेल्या माणसाला तेवढ्याच पगाराची दुसरी नोकरी लागत नाही. आमच्या मते खरा फरक इथेच आहे. तिकडे कोर्टाने तीन महिन्यांनंतरची तारीख दिली आणि त्याच महिन्यात सौदा पूर्ण झाला. इथे मंजूर झालेली योजना तीन वर्षं हप्त्याच्या हिशेबात अडकली. शेवटचा निकाल कितीही योग्य असो, तोवर वाचवायला काही उरलं नव्हतं.

कंपनी मोडीत निघाली की पैसे वाटायचा क्रम कायद्यात ठरलेला असतो. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचा 24 महिन्यांपर्यंतचा पगार आणि तारण असलेल्या बँका एकाच ओळीत. कामगार या व्याख्येत न बसणारे कर्मचारी त्यांच्या मागे, तेही 12 महिन्यांपुरते. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी या वाटणीत धरत नाहीत, ती वेगळी द्यावी लागते. जेटच्या कामगारांनी त्यासाठीही कोर्टाचा लढा दिला आणि जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूचा आदेश कायम ठेवला. बंद पडलेल्या कोणत्याही कंपनीत घरातलं कोणी असेल तर पगाराच्या पावत्या, नेमणुकीचं पत्र, पीएफचा नंबर सांभाळून ठेवा आणि दावा मुदतीत दाखल करा. व्हॉट्सॲपवर आलेला फॉर्म भरून दावा होत नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्या शेजारीच नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. आता तिथून विमानं उडतात, पोरं कंपन्यांची नावं ओळखतात. जेटचं नाव त्यांना माहीतच नाही.